एकट्याने घाट चढताना : पाणी, मीठ आणि मध्यम मार्ग

सायकल आपल्या वस्तीला नवी नाही. तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणारे कितीतरी बांधव आजही सायकलनेच जातात. अलीकडे काही तरुण सुट्टीच्या दिवशी एकटेच सायकल काढून जव्हारकडे निघतात. व्यायाम चांगला, हौसही चांगली. पण रोजची कामावरची सायकल वेगळी आणि दिवसभराची डोंगरातली सायकल वेगळी.

पालघर सोडले की वाघोबा खिंडीचा चढ लागतो. मनोरला महामार्ग ओलांडून विक्रमगड आणि पुढे जव्हार. पालघर समुद्राजवळ, तर जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर. इथे पायांआधी शरीरातले पाणी आणि मीठ कमी पडते. आपल्याकडची हवा दमट असल्याने घाम लवकर सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. उन्हात चढ चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि घामाबरोबर मीठही जाते.

तहान लागली म्हणून नुसते साधे पाणी भरमसाट प्यायले, तर रक्तातील मीठ पातळ होते. मग डोके दुखते, मळमळते, गोंधळल्यासारखे होते. म्हणून एक बाटली साध्या पाण्याची आणि एक मीठ-साखरेच्या पाण्याची ठेवा. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. साखर सोबत असली की आतडे मीठ व पाणी लवकर शोषते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दर तासाला थोडे खा : केळे, चिकू, गूळ-शेंगदाणे, चपातीचा तुकडा. भूक लागेपर्यंत थांबू नका. रात्रपाळी करून तसेच निघू नका. आदल्या रात्री दारू तर नकोच. पाचवे शील इथे आरोग्याचाही नियम आहे.

विदर्भातून बोईसरला आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिकलसेल आपल्या समाजातही आढळतो. तो असणाऱ्याला पाणी कमी पडणे आणि अतिश्रम धोक्याचे असतात. नुसता वाहक असणाऱ्यालाही अतिश्रमात त्रास होऊ शकतो. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी करून घ्या, मगच अशा सफरीचा विचार करा.

एकट्याच्या सफरीत मोठा धोका वेगळाच आहे. ऊन लागले की आधी विचारशक्ती मंदावते, आणि ‘आता थांब’ म्हणणारे शेजारी कोणी नसते. म्हणून थांबण्याचे नियम घरीच ठरवा. चक्कर, पायात गोळे, उलटी, अंगावर काटा येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले की सावलीत बसा, डोके-मान भिजवा, जवळच्या घरी सांगा. कोणी बरळू लागले किंवा बेशुद्ध पडले तर १०८ ला फोन करा आणि अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

पहाटे निघा. दुपारी १२ ते ३ सावलीत काढा. कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता परतणार, ते घरी सांगा. घरच्यांनीही ठरल्या वेळी फोन करावा. बिनगियरची सायकल असेल तर चढावर उतरून ढकला. उतार लागण्याआधी दोन्ही ब्रेक तपासा. पहिल्या वेळी पालघर ते मनोर आणि परत, एवढेच पुरे. तेही चाळीसेक किलोमीटर होते.

सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पाय रक्ताळून घेतले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरी नाही. खिंडीतून माघारी फिरणाऱ्या मुलाला घरात कोणी हसू नये. तो सुखरूप घरी आला म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ शकतो.

जय भीम!