यवतमाळ ते लबक, ध्रुवमार्गे

यवतमाळ शहर ज्या रेखांशावर, म्हणजे पूर्व ७८ अंशांच्या किंचित पुढे, वसले आहे, तो उत्तरेकडे नेत गेल्यास आग्रा व देहरादून यांच्या जवळून, हिमालय ओलांडून, सायबेरियाच्या हिमप्रदेशातून उत्तर ध्रुवाला भिडतो. आणि ध्रुवापलीकडे तसेच सरळ उतरत गेले असता कॅनडामार्गे अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील लबक या शहरापाशी आपण येऊन पोचतो. यवतमाळप्रमाणे लबक हेही कापसाचेच शहर! भूगोलालाही विनोदाची हौस असावी.

भिंतीवरच्या नकाशात लबक पश्चिमेस दिसते, आणि त्याची वाट अरबस्तान व अटलांटिक यांवरून जात असावी असे वाटते. परंतु गोलावरचे लघुतम अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर, मोजावयाचे असते, आणि या दोन गावांचे बृहद्वृत्त ध्रुवावरूनच जाते. हिशेब त्यामुळे अगदी सोपा होतो: यवतमाळ ध्रुवापासून ६९.६ अंश, लबक ५६.४ अंश, बेरीज १२६; अंशास १११ किलोमीटर धरले की चौदा हजार किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरच्या वेगाने साडेपंधरा तास.

अंशाचे हे माप ठरविण्याच्या कामी याच ७८व्या रेखांशाची मोजणी उपयोगी पडली, हे येथे सांगितले पाहिजे. १८०२ साली मद्रासेत सुरू झालेली त्रिकोणमितीय मोजणी याच रेषेने उत्तरेकडे सरकत असता तिचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट मुक्कामी वारला. काम पुढे त्याच्या जागी आलेल्या एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेले. पृथ्वीच्या वक्रतेच्या ज्ञानात आपल्या शेजारच्या हिंगणघाटचा असा वाटा आहे.

आता प्रत्यक्षाची कैफियत. यवतमाळजवळ भारी येथे विमानतळ आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही; म्हणून प्रवाशाने मोटारीने सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठावे, तेथून दोहा, दोह्याहून डॅलस, आणि डॅलसहून लहान विमानाने लबक. हा सर्व मार्ग मिळून सोळा हजार किलोमीटर भरतो, म्हणजे सरळ वाटेपेक्षा दोनच हजारांनी अधिक. त्या वळशाने फार तर सव्वादोन तास वाढावेत. प्रवासाचा एकूण वेळ मात्र जवळपास दुप्पट होतो! दोहा ते डॅलस हे सुमारे पावणेतेरा हजार किलोमीटर तोडावयास विमानाला, पश्चिमेकडून वाहणाऱ्या उच्चस्तरीय वाऱ्यांना तोंड देत, सोळा तास लागतात. तरीही प्रवाशाचा खरा काळ खातात ते नागपूरचा रस्ता, सामानाची तपासणी, पारपत्रावरचे शिक्के आणि पुढच्या विमानाची प्रतीक्षा. वैमानिकाचा यात काडीचाही दोष नाही.

हिवाळ्यात लबकचे घड्याळ आपल्यामागे साडेअकरा तास असते; म्हणून तीस-बत्तीस तास प्रवास करून उतरलेल्याला तेथील घड्याळाप्रमाणे एकोणीस-वीसच तास गेलेले दिसतात. परतताना वारा पाठीशी येतो आणि आकाशातला तास-दीड तास वाचतो. पण त्या साडेअकरा तासांची वसुली मात्र पुरती होते.