तुरटपणाचा हिशेब
(झाडपाल्यांतील टॅनीन मोजण्याची एक रीत)

कडबा संपला म्हणजे शेतकऱ्याची दृष्टि बांधावरच्या झाडांकडे वळते. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, जें हातीं लागेल तें जनावरांपुढें येतें. सन २०१३ च्या दुष्काळांत मी महसूल खात्यांत कारकून होतों व चारा-छावण्यांच्या नोंदी माझ्याकडे होत्या. त्या वेळीं एका कास्तकारानें झाडपाल्याच्या तपासणीचा दाखला माझ्यापुढें ठेविला व विचारिलें, “भाऊसाहेब, कागदावर पाल्यांत प्रथिनें भरपूर आहेत, मग माझ्या शेळ्या सुकत कां चालल्या?” त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. तें पुढें वाचनानें उमगलें. तेंच वाचकांपुढें ठेवितों.

हिरडा किंवा बाभळीची साल वापरून कातडें कमावितात, हें आपणांस ठाऊक आहे. त्यांतील टॅनीन हें तुरट द्रव्य कातड्यांतील प्रथिनांस घट्ट धरतें, म्हणून कातडें कुजत नाहीं. टॅनीन फार असलेला पाला जनावराच्या पोटांत गेला म्हणजे तेंच घडतें. चाऱ्यांतील प्रथिनें बांधलीं जातात व त्यांतील बराच भाग न पचतां शेणांतून किंवा लेंड्यांतून निघून जातो. प्रयोगशाळेंत मात्र नत्र मोजून त्यास ६.२५ नें गुणितात व त्यास प्रथिन म्हणतात. त्यांत बांधलेलें व मोकळें हा भेद उरत नाहीं. सारांश, दाखला खोटा नसतो, अपुरा असतो.

मग टॅनीन वेगळें कसें मोजावें? वनस्पतींत पॉलिफेनॉल या वर्गाचीं अनेक द्रव्यें असतात, पण तीं सगळींच प्रथिनांस धरीत नाहींत. फोलिन यांच्या नांवाचा द्रव घातला असतां सर्व फेनॉलांनीं निळा रंग येतो. त्यावरून एकूण बेरीज कळते, फोड कळत नाहीं. पूर्वी चामड्याच्या धंद्यांत कातड्याची भुकटी घालून टॅनीन शोषून घेत व उरलेला अर्क तपाशीत. आतां त्या भुकटीच्या जागीं पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन (संक्षेपानें पीव्हीपीपी) हें कृत्रिम बहुवारिक वापरितात. ही पांढरी भुकटी पाण्यांत विरघळत नाहीं. तिच्या लांब साखळींतील दुवे प्रथिनाच्या दुव्यांसारखे असल्यानें टॅनीन तिला चिकटतें व तिच्याबरोबर तळाशीं बसतें.

कृति अशी : पाला सावलींत वाळवावा, कडक उष्णतेनें टॅनीनाचें स्वरूप बदलून आंकडा चुकतो. २०० मिलिग्रॅम बारीक भुकटीचा १० मिलिलिटर पाणीमिश्रित ॲसिटोनमध्यें अर्क काढितात. त्यांतील एकूण फेनॉल प्रथम मोजितात. मग १०० मिलिग्रॅम पीव्हीपीपींत १ मिलिलिटर पाणी व १ मिलिलिटर अर्क घालून, घुसळून, ४ अंश उष्णमानांत १५ मिनिटें ठेवितात. यंत्रांत वेगानें फिरवून गाळ खालीं बसविला कीं वरच्या द्रवांत साधे फेनॉल तेवढे उरतात. ते पुन्हां मोजावयाचे.

आमच्या जमाबंदीच्या कागदांत एकूण मागणींतून बाकी वजा केली म्हणजे वसूल निघतो, येथेंहि तसेंच. समजा, शंभर भाग सुक्या पाल्यांत एकूण फेनॉल ८ भाग व भुकटीनंतर बाकी ३ भाग. तर टॅनीन ५ भाग. दुसऱ्या मोजणींत अर्क पाण्यानें दुप्पट झालेला असतो, हें विसरल्यास सारा हिशेब फसतो. तसेंच १०० मिलिग्रॅम भुकटी सुमारें २ मिलिग्रॅम फेनॉलांनाच पुरते. पाल्यांत फेनॉल शेंकडा १० हून अधिक असतील तर अर्क पातळ करून घ्यावा लागतो.

याहून पुढची कसोटी पॉलिएथिलीन ग्लायकोल या दुसऱ्या बहुवारिकाची आहे. जनावराच्या पोटांतील रस व पाला कांचेच्या पिचकारींत ३९ अंशांवर ठेवून निघणारा वायु मोजितात. एकदां हें द्रव्य घालून व एकदां न घालतां. द्रव्य घातल्यावर वायु जितका वाढेल तितकी टॅनीनाची अडवणूक मोठी समजावी. ऑस्ट्रेलियांत मुल्गा नांवाच्या बाभळीच्या जातींतील झाडाचा पाला खाणाऱ्या मेंढ्यांस हेंच द्रव्य दिल्यानें त्यांचें खाणें व लोकर वाढल्याचें आढळलें आहे.

टॅनीन सर्वस्वी वाईट नव्हे. थोडें असल्यास तें प्रथिनांस पहिल्या पोटांत फुकट नासूं देत नाहीं व पोटफुगीसहि आळा घालतें. दोष अतिरेकाचा आहे. म्हणून तुरट पाला एकटा न देतां कडबा, गवत व पेंड यांसमवेत थोडथोडा द्यावा. तपासणीस नमुना धाडतांना कोंवळा व जून पाला निरनिराळा बांधावा, कारण त्यांतील टॅनीन सारखें नसतें. आणि दाखला हातीं येतांच प्रथिनांच्या आंकड्यावर न थांबतां टॅनीन किती, हें अवश्य विचारावें. त्या कास्तकारास मला त्या दिवशीं एवढेंच सांगतां आलें असतें, तर त्याच्या कांहीं शेळ्या तरी सांवरल्या असत्या.