यकृत बदललेल्या मुलाचे डोळे पुन्हा पिवळे झाले तर

भारतात लहान मुलाचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झाले. जन्मापासून पित्तनळ्या बंद असलेले ते मूल अवघे वीस महिन्यांचे होते. यकृताचा तुकडा वडिलांनी दिला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

पण ऑपरेशन झाले म्हणजे काळजी संपली, असे नाही. लहान मुलांच्या शिरा आणि पित्तनळ्या बारीक असतात. जिथे त्या जोडलेल्या असतात तिथे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, त्या आखडतात.

पित्तनळी आखडली की डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, लघवी गडद आणि शी पांढुरकी होते, थंडी वाजून ताप येतो. यकृताकडे रक्त आणणारी शीर अरुंद झाली तर रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी होऊ शकते. यकृतातून रक्त नेणारी शीर अडली तर पोटात पाणी साठते.

अशा वेळी कुणी म्हणेल, "कावीळ आहे, माळ घाला, झाडपाला द्या." ऐकू नका. ही नेहमीची कावीळ नव्हे. झाडपाल्याने नव्या यकृताला इजा होऊ शकते, आणि मोलाचे दिवस वाया जातात. प्रत्यारोपण केलेल्या रुग्णालयाला त्याच दिवशी कळवा. रक्ताची उलटी झाली तर आधी जवळचे मोठे रुग्णालय गाठा.

तपासणीत आधी रक्त आणि डॉप्लर सोनोग्राफी पाहतात. अनेकदा पोट पुन्हा उघडावे लागत नाही. मुलाला भूल देऊन, पडद्यावर चित्र पाहत डॉक्टर कातडीतून सुई घालतात. सुईतून तार, तारेवरून छोटा फुगा आत जातो. फुगा फुगवला की अरुंद जागा रुंद होते. पित्तनळीत बारीक नळी काही आठवडे किंवा महिने ठेवतात. फुगा पुन्हा घालावा लागला तर घाबरू नका. मात्र यकृताची धमनी गुठळीने बंद झाली तर तातडीने ऑपरेशन लागू शकते.

घरी नळीची जागा स्वच्छ व कोरडी ठेवा. नळी निसटली किंवा ताप आला तर थांबू नका. नवे यकृत टिकवणारी औषधे मनाने कधीही बंद करू नका.

खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नका. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि मुलाची फाईल घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा. हा उपकार नव्हे, हक्क आहे.