मान दुखत नाही, मग मानेचं ऑपरेशन कशाला?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही या भागाची संहिता. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. घरात मानेचं ऑपरेशन झालं, त्यानिमित्ताने डॉक्टरांना खूप प्रश्न विचारले, बरंच वाचलं. तेच आज सांगतोय.

आमचे मोठेबाबा पवनारला राहतात. वय ६८. रोज सकाळी आश्रमाच्या बाजूने धाम नदीपर्यंत फेरी ठरलेली. दोनेक वर्षांपूर्वी चालताना त्यांची चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंच नाही. मग सदऱ्याची बटणं लागेनात. दुकानात चिल्लर मोजताना नाणी हातातून पडायची. आम्ही सगळे म्हणालो, शुगर आहे, वय झालंय, चालायचंच. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडची मेडिकल कॉलेजं जवळ, तरी आम्ही वर्ष घालवलं. शेवटी नदीच्या पायऱ्यांवर तोल गेला, तेव्हा दवाखाना गाठला. एमआरआय झाला आणि डॉक्टर म्हणाले, मानेचं ऑपरेशन करावं लागेल. मोठेबाबांचा पहिला प्रश्न: "मान तं दुखतच नाही माही, मंग मानेचं ऑपरेशन कायले?"

आजचा भाग या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

झीज सगळ्यांचीच होते

मानेत ७ मणके असतात. त्यांच्यामध्ये गादी, म्हणजे चकती. वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं, ती चेपते, कडेला हाड वाढतं. आपण त्याला 'गॅप आला' किंवा 'स्पॉन्डिलायटिस' म्हणतो. साठीनंतर एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या मानेत हे दिसतं, आणि त्यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

इथे तीन गोष्टी वेगळ्या करा. एक, नुसती मान दुखणं. त्यावर व्यायाम, शेक, औषध. फक्त दुखण्यासाठी सहसा ऑपरेशन करत नाहीत. दोन, मानेतून हातात जाणारी नस दबणं. हातात कळ जाते, मुंग्या येतात. हेही पुष्कळदा काही आठवड्यांत औषध-व्यायामाने कमी होतं. कमी झालंच नाही किंवा हाताची ताकद जायला लागली, तर ऑपरेशनचा विचार.

तीन, मधला मज्जारज्जूच दबणं. मेंदूकडून हातापायांकडे जाणारी ही मुख्य दोरी. ती दबली तर दुखेलच असं नाही. हात बोजड होतात, अक्षर बिघडतं, चालताना पाय अडखळतात, पुढे लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. मोठेबाबांचं हेच होतं. मान गप्प होती, हातपाय बोलत होते.

थांबलं तर काय होतं?

हा आजार अनेकदा पायरी-पायरीने उतरतो. काही महिने सगळं स्थिर, म्हणून वाटतं बरं आहे. मग एकदम एक पायरी खाली. त्रास सौम्य असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्यायाम करत वाट बघता येते. मध्यम किंवा जास्त असेल, तर २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ऑपरेशनच सुचवतात.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

उद्देश एकच, मज्जारज्जूला जागा करून देणं. एक रस्ता पुढून, गळ्याकडून. खराब गादी काढतात, तिथे हाडाचा तुकडा किंवा पिंजऱ्यासारखा छोटा ठोकळा बसवतात आणि मणके जुळू देतात. ही पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आलेली आहे. दुसरा रस्ता मागून. मणक्याची मागची कमान काढतात, किंवा दाराच्या फळीसारखी उघडून तशीच ठेवतात. ही दारवाली पद्धत जपानी सर्जननी १९७० च्या दशकात रूढ केली. दाब पुढून आहे की मागून, किती मणक्यांवर आहे आणि मानेचा बाक कसा आहे, यावर रस्ता ठरतो.

धोके आहेत. पुढून केलं तर काही दिवस गिळायला त्रास, आवाज घोगरा. काहींना खांदा उचलायला जड जातं. ते बहुधा हळूहळू सुधारतं. जंतुसंसर्ग आणि मज्जारज्जूला इजा हे धोके कमी, पण आहेत. सर्जनला हे सगळं स्पष्ट विचारा.

आपल्याकडचं एक खास सांगतो. खर्रा! तंबाखूतल्या निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. मोठेबाबांचा खर्रा सोडवणं आम्हाला ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं.

मग बरे झाले का?

खरं सांगतो. ऑपरेशनचं पहिलं काम आजार थांबवणं. सुधारणा पुष्कळांना होते, पण किती होईल हे आधी किती नुकसान झालं यावर असतं. मोठेबाबा आता काठी न घेता नदीपर्यंत जातात. वरचं बटण मात्र अजून मोठी आईच लावून देते. ते वर्ष आम्ही घालवलं नसतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

घरी काय बघाल?

घरातल्या मोठ्या माणसाला मूठ पूर्ण उघड-मीट करायला सांगा. १० सेकंदांत साधारण २० वेळा व्हायला हवी. वयाने थोडी कमी चालेल, पण फारच संथ असेल, बोटं उघडत नसतील, तर दाखवा. बटणं, चप्पल, सरळ रेषेत चालणं यावरही लक्ष ठेवा. शुगर असली तरी 'शुगरच असेल' म्हणून सोडू नका. अशा माणसाची मान कटिंगच्या दुकानात कडकन मोडून घेऊ नका. खर्चाची काळजी असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा.

तुमच्या घरचा अनुभव असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.