घनफळ, धनफळ आणि यंत्राची नजर

२०१७ सालच्या जुलै महिन्यात भाईंदर आणि मीरा रोड या स्थानकांवरून सकाळच्या चर्चगेट गाडीत चढणाऱ्या गर्दीत अशीही तरुण मुले होती, की ज्यांनी पदवीची शेवटची परीक्षा उन्हाळ्यातच देऊन संपविली होती, ज्यांपैकी कोणाला नोकरीवर रुजू व्हावयाचे होते, कोणाला परगावच्या विद्यापीठात नाव घालावयाचे होते, आणि हाती गुणपत्रिका नसल्यामुळे ज्यांचे सारेच अडून राहिले होते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा अंमल सिंधुदुर्गापर्यंत चालतो, आणि ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरची बहुतेक पदवी महाविद्यालये त्याच्याच कक्षेत मोडतात. कायद्याने निकालाची मुदत तीस दिवसांची, फार झाले तर पंचेचाळीस दिवसांची. त्या वर्षी मात्र ४७७ परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला, आणि परीक्षांचा हंगाम सुरू असतानाच त्यासाठीची यंत्रणा उभी राहू लागली. उत्तरपत्रिकांची प्रतिमा काढण्याचे काम रेंगाळले, पुरवण्या मूळ उत्तरपत्रिकेपासून दुरावल्याच्या तक्रारी आल्या, अध्यापकांना पडद्याची सवय होण्यापूर्वीच गुण भरण्याचा तगादा सुरू झाला. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती पाळता यावी म्हणून महाविद्यालयांतील तासिका थांबविण्यात आल्या, अन्य विद्यापीठांतील अध्यापकांची मदत घेण्यात आली. तरीही सर्व निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणाने लोकांच्या मनात जी समजूत रुजली, ती अशी की हस्तलिखित उत्तरपत्रिका आणि संगणक यांचे जमणे शक्य नाही. मला ही समजूत चुकीची वाटते. त्या उन्हाळ्यात यंत्राकडून वेगाची अपेक्षा धरली गेली होती. परंतु या पद्धतीचा खरा गुण वेग हा नसून समन्याय हा आहे, आणि तो समन्याय कोठून उत्पन्न होतो हे समजण्यासाठी मुळात माणूस उत्तरपत्रिका कशी तपासतो याकडे प्रथम पाहिले पाहिजे.

इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ याने १८८८ मध्ये परीक्षांच्या संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात असा विचार मांडला की, ज्याप्रमाणे ताऱ्याचे स्थान मोजताना निरनिराळ्या निरीक्षकांच्या मोजणीत थोडाफार फरक पडतो आणि त्या फरकाचेही गणित करता येते, त्याचप्रमाणे परीक्षकाने दिलेला गुण हेही एक मोजमापच असून त्यातही प्रमाद असणारच. पुढे १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठविली. भूमिती हा विषय असा, की ज्यात मतभेदाला जागा नाही असे आपण मानतो. तथापि शंभरांपैकी तिशीच्या आतल्या गुणांपासून नव्वदीच्या पुढच्या गुणांपर्यंत सर्व प्रकारचे गुण त्या एकाच उत्तरपत्रिकेला मिळाले. कोणी पायऱ्यांना गुण दिले होते, कोणी केवळ अखेरच्या उत्तराला. कोणी अव्यवस्थित आकृतीबद्दल गुण कापले होते, कोणी तिच्याकडे पाहिलेही नव्हते.

ज्याने गठ्ठे तपासले आहेत त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. पहिला प्रश्न उत्तम सोडविणाऱ्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परीक्षकाची नजर आपोआप अनुकूल होते. सुंदर अक्षर आशयाला उजाळा देते आणि गिचमिड अक्षर तो झाकोळून टाकते. सकाळच्या पहिल्या दहा उत्तरपत्रिकांना लावलेले माप आणि संध्याकाळच्या पन्नासाव्या उत्तरपत्रिकेला लावलेले माप ही एकच राहत नाहीत. यात परीक्षकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. आदर्श उत्तरपत्रिका आणि मुख्य नियामक ही व्यवस्था आपल्याकडे याच कारणासाठी निर्माण झाली. परंतु नियामकाच्या हाती थोड्याच उत्तरपत्रिका पडतात.

आता संगणकाची पद्धत पाहू. उत्तरपत्रिकेवरील आसनक्रमांकाचा भाग बारकोडाखाली झाकला जातो, पाने यंत्रातून सरकतात, आणि इंचाला दोनशे ठिपके या मानाने घेतलेल्या एका ए-फोर पानाचे अडतीस लाखांवर ठिपके होतात; छटांची प्रतिमा असेल तर त्यांतील प्रत्येकाला शून्य ते दोनशे पंचावन्न यांमधील एक आकडा मिळतो. एवढे झाले की मग पान हे पान राहत नाही. ते हवे तेथे कापता येते. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात २०१४ च्या सुमारास तेथील विद्यार्थी-अध्यापकांनी ग्रेडस्कोप नावाची जी प्रणाली उभारली आणि जी २०१८ मध्ये टर्निटिन या कंपनीने विकत घेतली, तिचे मर्म या कापण्यातच आहे. प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या नमुन्यावर शिक्षक प्रत्येक प्रश्नाची चौकट आखून देतो. प्रणाली सर्वांच्या कागदांतून ती ती चौकट काढते, आणि शिक्षकापुढे दोनशे विद्यार्थ्यांची केवळ तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे, नावावाचून, एकापाठोपाठ एक येतात. एकाच प्रश्नावर मन स्थिर राहते; आधीच्या प्रश्नाची छाया पुढच्यावर पडत नाही.

याहूनही मोलाची गोष्ट गुणदानाच्या योजनेची आहे. शिक्षक गुण कापताना केवळ आकडा लिहीत नाही. 'एकक लिहिले नाही, अर्धा गुण वजा' असे कारण नोंदवितो, आणि तेच कारण पुढील प्रत्येक उत्तराला लावता येते. शंभर उत्तरे तपासून झाल्यावर त्याला वाटले की एककासाठी अर्धा गुण कापणे कठोरपणाचे होते, तर तो त्या एका कारणाचे मूल्य बदलतो आणि मागील सर्व उत्तरपत्रिकांचे गुण तत्क्षणी दुरुस्त होतात. कागदाच्या गठ्ठ्यात हे अशक्यप्राय होते. उशिरा सुचलेला न्याय आधी तपासलेल्या मुलांपर्यंत पोहोचत नसे. काही मोठ्या परीक्षांत तर परीक्षकाच्या रांगेत त्याला न कळविता आधीच तपासून ठेवलेल्या काही उत्तरपत्रिका मिसळतात, आणि त्याचे माप सरकू लागले की नियामकाला तत्काळ सूचना जाते. बेरजेची चूक तर उरतच नाही.

येथपर्यंत वाचन माणसाचेच आहे. पुढचा प्रश्न असा की यंत्राने स्वतः वाचावे काय?

यंत्राने गुण देण्याची खटपट जुनी आहे. १९३८ च्या सुमारास आयबीएम कंपनीने जे गुणांकन यंत्र बाजारात आणले, त्याची मूळ कल्पना रेनल्ड जॉन्सन या अमेरिकेतील एका शाळामास्तरांची. पेन्सिलीतील ग्रॅफाइटमधून वीज वाहते, तेव्हा योग्य जागी केलेली खूण मंडल पूर्ण करील आणि बिनचूक उत्तरांची संख्या काट्यावर दिसेल, इतका तो साधा विचार होता. खुणेकडून अक्षराकडे जाण्यास मात्र पुढे अर्धशतक लागले. हस्तलिखित अंकांचा एमनिस्ट हा प्रसिद्ध संच साठ हजार नमुने शिकविण्यासाठी आणि दहा हजार परीक्षेसाठी अशा प्रतिमांचा आहे, आणि प्रत्येक प्रतिमा अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस ठिपक्यांची. १९९८ मध्ये यान लकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेले 'न्यूरल नेटवर्क' हे संगणकीय जाळे अशा प्रतिमेवरून एक लहानशी खिडकी फिरवीत जाते. प्रथम कडा आणि वळणे टिपते, मग त्या वळणांच्या जुळणीतून गोल, रेघ, आकडी ओळखते, आणि अखेर अंक कोणता याचा कौल देते. बँकांचे धनादेश वाचण्यासाठी अशा जाळ्यांचा उपयोग झाला.

देवनागरीत हे काम अधिक अवघड आहे. नेपाळमधील संशोधकांनी २०१५ मध्ये हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा ब्याण्णव हजार प्रतिमांचा संच प्रसिद्ध केला; त्यात छत्तीस व्यंजने आणि दहा अंक आहेत, परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी काही नाही. आता दहावीच्या मुलाचे लेखन आठवा. शिरोरेषा कधी शब्दावर, कधी साऱ्या ओळीवर एका फटकाऱ्यात ओढलेली, घाईच्या वेळी मुळीच नाही. वेलांटी शेजारच्या अक्षरावर कललेली. अनुस्वार आणि शाईचा ठिपका यांत भेद करणे कठीण. ठशांतील मजकूर वाचताना यंत्राला शिरोरेषा पुसून अक्षरे सुटी करता येतात. हाताच्या लेखनात ती युक्ती चालत नाही, म्हणून अलीकडील पद्धती अक्षरे तोडण्याच्या भानगडीत न पडता सबंध ओळ एका झोताने वाचतात. अंकांची गोष्ट निराळीच. मराठी चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी एक हा इंग्रजी नवासारखा, आणि सेमी-इंग्रजीत शिकणारी आपली मुले एकाच पानावर दोन्ही पद्धतींचे अंक लिहून जातात. मीरा-भाईंदरसारख्या शहरात तर मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा अनेक माध्यमांच्या शाळा एकाच वस्तीत नांदतात, आणि उर्दूचे पान उजवीकडून डावीकडे चालते.

परंतु मला अधिक भय वाटते ते यंत्राच्या अज्ञानाचे नव्हे, त्याच्या जाणतेपणाचे. ओळ वाचणारे आधुनिक यंत्र केवळ आकार पाहत नाही; भाषेत कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो याचाही त्याने अभ्यास केलेला असतो, आणि अस्पष्ट जागी ते संभाव्य शब्द घालते. चिठ्ठी किंवा जुने दप्तर वाचताना हा गुण आहे. उत्तरपत्रिकेत तो दोष ठरतो. एखाद्या मुलीने 'घनफळ' लिहिण्याऐवजी 'धनफळ' लिहिले, तर शिक्षकाला त्या एका गाठीवरून कळते की हिने संकल्पना समजून न घेता शब्द नुसता उतरविला आहे की केवळ लेखणी घसरली आहे. यंत्र मात्र 'धनफळ' असा शब्द गणितात संभवत नाही म्हणून तेथे 'घनफळ' वाचून मोकळे होईल. जी चूक शोधण्यासाठी परीक्षा घ्यायची, तीच चूक वाचताना दुरुस्त झाली, तर मोजमापाला अर्थ राहिला नाही. उलट दिशेनेही हे घडेल: ज्या मुलाने पुस्तकातील वाक्य सोडून स्वतःच्या शब्दांत, वेगळ्या वाटेने बरोबर उत्तर लिहिले, त्याचे वाक्य यंत्राला असंभाव्य वाटेल. एलिस पेज याने १९६६ मध्ये निबंधांना संगणकाकडून गुण देण्याची जी पद्धत मांडली, तीत निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हे अशा बाह्य लक्षणांवर भिस्त होती; आणि सुमारे अर्धशतकानंतर लेस पेरेलमन यांनी अर्थहीन परंतु भारदस्त वाक्ये जुळविणारी एक प्रणाली तयार करून दाखविले की असल्या निबंधांनाही गुणांकन यंत्रे उत्तम गुण देतात.

म्हणून माझे मत असे आहे की यंत्राने नाव झाकावे, पाने जुळवावीत, पुरवणी हरवू देऊ नये, प्रश्नवार मांडणी करावी, सारखी दिसणारी उत्तरे शेजारी आणून ठेवावीत, बेरीज करावी आणि परीक्षकाचे माप सरकले तर त्याला सावध करावे. गुणाचा निवाडा मात्र शिक्षकाच्या नावावर राहावा. आणि असा बदल करावयाचा झाल्यास तो एका विषयाच्या एका परीक्षेपासून सुरू करावा; अध्यापकांना हातात माउस देण्यापूर्वी एक संपूर्ण सत्र सराव द्यावा; कागदी गठ्ठे निकालानंतरही ठराविक काळ जतन करावेत.

एक गोष्ट मीरा-भाईंदरमधील विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेल्या निकालानुसार आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याखाली परीक्षार्थीला आहे. गुणांविषयी शंका असेल तर मुदतीत अर्ज करा, उत्तरपत्रिकेची प्रत मागा, पुरवण्या मोजून घ्या, आणि कोणत्या कारणासाठी किती गुण कापले हे लेखी विचारा.