लहान ऑफिसला स्वतःचा डीएनएस सर्व्हर लागतो का?

डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता (संगणकाचा आकडी पत्ता) शोधून देणारी व्यवस्था. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. नाशिकला रामकुंडावर आलेला यात्रेकरू गाव आणि आडनाव सांगतो आणि आपल्या घराण्याची वही कोणत्या उपाध्यांकडे आहे ते विचारत विचारत तिथवर पोचतो. डीएनएसचा शोधही असाच पायरीपायरीने चालतो.

स्वतःचा डीएनएस सर्व्हर बसवला की इंटरनेट वेगवान होते, हा समज सर्रास आढळतो. वाचतो तो फक्त पत्ता शोधण्याचा वेळ, बहुधा काही मिलिसेकंद. फाइल उतरवण्याचा वेग मुख्यतः लाइनवर ठरतो. सातपूर-अंबडमधल्या आठ-दहा संगणकांच्या वर्कशॉपला साधा राउटर पुरतो. तो प्रश्न पुढे पाठवतो आणि बऱ्याचदा उत्तर काही काळ जपूनही ठेवतो (कॅशिंग). ऑफिसमधला प्रिंटर सापडावा म्हणून त्याला १९२.१६८.१.५० असा कायमचा पत्ता दिला की भागते.

विंडोजची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सर्वांचे लॉगिन एका जागी सांभाळणारी सोय) वापरायची असेल, तर मात्र अंतर्गत डीएनएस लागतोच. तेव्हा सर्व्हर दोन ठेवावेत. एकच असला आणि तो बंद पडला, तर लाइन ठणठणीत असूनही ऑफिसभर ‘नेट गेलं’ अशी ओरड होते.