चंपाषष्ठीचा रोडगा

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस देव्हाऱ्यांत घट बसला, म्हणजे परभणीकडील देशस्थ घरांतून मुलांचें एक गणित सुरू होतें. आज पहिली माळ, सहावी कधीं? कारण सहाव्या दिवशीं चंपाषष्ठी, आणि चंपाषष्ठीस वांग्याचें भरीत व रोडगा! आषाढांत कांदेनवमी साजरी करून कांदा, लसूण आणि वांगें यांस ज्या घरांतून निरोप दिलेला असतो, त्या घरांत तीं परत येतात तीं याच दिवशीं. पंचांगाप्रमाणें चातुर्मास कार्तिकी एकादशीस संपतो खरा. परंतु ज्यांचें कुलदैवत खंडोबा, त्यांच्यापैकीं पुष्कळांकडे वांग्यास मोकळीक मिळते ती देवास भरीत दाखविल्यावरच.

दिवाळीच्या फराळाविषयीं मासिकांतून दरवर्षीं विपुल मजकूर येतो. अनारशाची जाळी, चकलीचा कांटा, चिवड्याची फोडणी यांवर लेखणी झिजविणाऱ्यांची वाण नाहीं. रोडग्याच्या वांट्यास मात्र हें भाग्य क्वचितच येतें. कारण उघड आहे. त्यांत सामग्री म्हणून मिरवावें असें कांहींच नाहीं: कणीक, मीठ, ओंवा, थोडें मोहन आणि पाणी. जें काय आहे तें विस्तवांत आहे. आपलीं सणावारांचीं पक्वान्नें बहुतेक तळणांतलीं, नाहीं तर वाफेवरचीं. सर्व बाजूंनीं उष्णतेनें वेढून भाजण्याचे पदार्थ थोडेच. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत नाताळास बेबिंका करतात. तिचा एकेक थर झांकणावर निखारे ठेवून वरून भाजावा लागतो, आणि ती विद्या आईकडून लेकीकडे जाते. आमच्या रोडग्याची विद्या त्याच जातीची आहे. फरक एवढाच कीं, तिला भांडेंहि लागत नाहीं.

भांडें लागत नाहीं म्हणूनच तो या देवाचा नैवेद्य झाला असावा, असा आमचा तर्क आहे. खंडोबा जसा ब्राह्मण-वाण्यांचा, तसाच धनगरांचा. म्हाळसा वाण्याची लेक, तर बाणाई धनगराची. मेंढरांमागें रानोमाळ हिंडणाऱ्या माणसानें तवा-परात कोठून आणावी? वाळलेलें शेण रानांत पडलेलें असतें, पीठ फडक्यांत बांधलेलें असतें आणि वांगें शेताच्या कडेस मिळतें. सोंवळ्याचा एवढा कडकडाट असलेल्या घरांतहि वर्षांतून एकदां देव मेंढपाळाचें जेवण मागतो आणि तें त्यास मुकाट्यानें करून घालावें लागतें, हें आम्हांस मोठें गोड वाटतें. पश्चिमेकडे, पुण्या-नगराच्या बाजूस, हा रोडगा बाजरीचा करतात. आमच्या घरीं तो गव्हाचा.

पदार्थहि कांहीं आजकालचा नव्हे. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशां’त ‘अंगारकर्कटी’ नांवाची एक कृति आहे: गव्हाचें पीठ घट्ट मळून त्याचे वड्यासारखे गोळे करावे आणि धूर नसलेल्या अग्नीवर सावकाश भाजावे. राजस्थानची बाटी, बिहारची लिट्टी आणि आमचा रोडगा हीं सारीं एकाच घरचीं भावंडें दिसतात. त्या जुन्या कृतींत ‘निर्धूम’ आणि ‘सावकाश’ असे दोन शब्द आलेले आहेत. ते दोन शब्द ज्याला कळले त्याला रोडगा आला.

आम्हांस ते कळले फजिती झाल्यावर. आमच्याकडे परसांत आर करण्याचें काम वर्षानुवर्षें आजींचें. एका वर्षीं त्यांचे गुडघे धरले आणि त्यांस खालीं बसवेना. घरांत सुना चार, नातसुना दोन, त्यांतल्या तिघी पदवीधर. आर सगळ्यांनीं पाहिलेला, केलेला एकीनेंहि नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० सालीं ‘गृहिणी-मित्रां’त एक हजार पाकक्रिया छापून दिल्या, त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी आमच्या घरच्या वहींत रोडग्याचें साहित्य लिहून झाल्यावर पुढें ‘चांगल्या आरांत भाजावे’ एवढीच ओळ होती. आम्हीं गोवऱ्या रचल्या, पेटविल्या, आणि ज्वाळा बसण्याची वाट न पाहतां रोडगे आंत टाकले. पाव तासांत ते कोळशासारखे काळे झाले. फोडून पाहतों तों आंत कच्चें पीठ! नैवेद्याची वेळ टळत चाललेली, तळी उचलण्यास बोलाविलेलीं माणसें ओसरीवर ताटकळलेलीं, देवापुढें दिवटी-बुधली मांडलेली, आणि ताटांत रोडगा नाहीं. शेवटीं तव्यावर जाड भाकरीसारखें कांहींतरी भाजून वेळ मारून नेली.

आजी तेव्हां कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं त्यांनीं धाकट्या नातसुनेला जवळ बोलावलें. “अगं, तुम्ही जाळांत भाजलेत,” त्या म्हणाल्या. “रोडगा जाळावर भाजत नाहींत, आरांत भाजतात. उद्यां माझी खुर्ची परसांत न्या. मी सांगतें, तुम्ही करा.”

दुसऱ्या दिवशीं सण नव्हता. तराजू होता, घड्याळ होतें, आणि नातसुनेच्या हातीं वही-पेन्सिल होती. “आजी, मोहन किती घालूं?” “पिठाची मूठ वळावी. मूठ राहिली पाहिजे आणि बोट लावतांच मोडली पाहिजे.” ती मूठ वळेपर्यंत तेल घातलें आणि मग वजन केलें. १ किलो कणकेस १२० ग्रॅम तेल निघालें. याप्रमाणें आजींच्या प्रत्येक ‘अंदाजा’चा आम्हीं पाठलाग केला. त्याचें फळ पुढें देत आहों.

गहू गिरणींतून जाडसर, रव्याकडे झुकणारा दळून आणावा. आमच्याकडे पूर्वीं कोरडवाहू बन्सी गहू असे. त्याचा रोडगा खुसखुशीत होई. हरितक्रांतीनंतर ठेंगण्या जातींच्या गव्हांनीं कोठारें भरलीं आणि पोळ्या मऊ झाल्या, परंतु रोडग्यास तो मऊपणा मानवत नाहीं; म्हणून दळण जाडेंच हवें. १ किलो पिठास मोहन वरीलप्रमाणें, ओंवा एक चमचा, मीठ अडीच चमचे आणि पाणी सुमारें ४०० ग्रॅम. पुरीच्या कणकेपेक्षांहि घट्ट मळून अर्धा तास झांकून ठेवावें. याचे बारा गोळे होतात. प्रत्येक गोळ्याच्या तीन लहान पुऱ्या लाटून, मध्यें तेलाचें बोट फिरवून त्या एकावर एक ठेवाव्या आणि कडा खालीं वळवून पुन्हां गोल करावें. भाजल्यावर आंत जे पदर सुटतात ते यामुळें.

आतां आर. पंचवीसएक वाळक्या गोवऱ्या घ्याव्या; खालीं पेटवणास कापसाच्या पऱ्हाट्या उत्तम, आणि परभणीकडे त्यांस तोटा नाहीं. जाळ बसावयास पाऊण तास लागतो. धूर पूर्ण थांबला, निखाऱ्यांवर पांढऱ्या राखेची साय धरली, म्हणजे वीतभर उंचीवर तळहात धरून आंकडे म्हणावे. तिसऱ्या आंकड्यास हात मागें आला तर थांबावें. सहापर्यंत धरवला तर आर झाला. दहा म्हणून झाले तरी चटका बसेना, तर आर निवाला. चार गोवऱ्या बाजूस पेटवून निखारे त्यांत घालावे. हें आजींचें माप आहे, आणि आम्हांस तें कोणत्याहि उष्णतामापकाहून विश्वासाचें वाटतें.

निखारे पसरून त्यांवर रोडगे मांडावे, आणि दहा-बारा मिनिटें सारखे फिरवीत त्यांस सर्व बाजूंनीं कवच धरूं द्यावें. नंतर गरम राखेंत व बारीक निखाऱ्यांत पुरून वीस मिनिटें विसरून जावें. हें पुरणेंच महत्त्वाचें. पिठांत पाणी आहे तोंवर आंतील उष्णता पाणी उकळण्याच्या मर्यादेपुढें फारशी जात नाहीं. बाहेरील कोरडें कवच मात्र झपाट्यानें तापतें व तांबूस होतें. त्या तांबूसपणाचें रसायन माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं उलगडावयास आरंभ केला. जाळ मोठा केला तर कवच जळतें, आणि आंतल्या पिठास शिजण्याचा अवकाशच मिळत नाहीं. राखेखालीं दोन्ही कामें एकमेकांची वाट पाहतात. रोडगा तयार झाला कीं त्यास तडा जातो आणि बोटानें ठोकल्यास पोकळ आवाज येतो. फडक्यानें राख झटकावी, दोन्ही हातांनीं फोडावा आणि आंत तुपाची धार सोडावी.

वांगीं त्याच आराच्या कडेस भाजतात. भरतांत पातीचा कांदा, हिरवी मिरची आणि दाण्याचें कूट. याहून अधिक कांहीं घालूं नये. अलीकडे टोमॅटो घालण्याची जी टूम निघाली आहे, ती इतर दिवशीं खुशाल चालवावी. नैवेद्य दाखवून, तळी उचलून, भंडारा उधळून झाला कीं एक रोडगा कुत्र्यापुढें ठेवतात. तो या देवाचा सोबती.

सेलू-जिंतूर-गंगाखेडच्या कित्येक घरांतील मुलें आज पुण्यास, हैदराबादेस, कांहीं तर परदेशीं आहेत. चौथ्या मजल्यावर गोवऱ्या पेटवितां येत नाहींत, आणि बंद जागेंत त्या पेटवूंहि नयेत. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईड जीवघेणा असतो. त्यांनीं विजेच्या भट्टींत २०० अंशांवर चाळीस मिनिटें भाजावे, मध्यें एकदां उलटावे, आणि भट्टी बंद करून पंधरा मिनिटें आंतच राहूं द्यावे. पदर सुटतात, कवचहि येतें. गोवरीचा वास येत नाहीं, आणि त्यासाठीं निरनिराळ्या युक्त्या करण्याच्या भरीस कोणी पडूं नये.

पुढल्या चंपाषष्ठीस आमच्याकडे आर धाकट्या नातसुनेनें केला. आजी खुर्चीवर होत्या, परंतु त्यांनीं एक शब्दहि सांगितला नाहीं. पहिला रोडगा देवाचा. दुसरा त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो फोडला, वास घेतला, एक तुकडा तोंडांत टाकला आणि म्हटलें, “मीठ कमी आहे.” वहींत तोंवर दोन चमचे लिहिलेलें होतें. वर अडीच दिलें आहे तें त्यानंतरचें.